मार्सेलिसला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेक शिकायला दोन वर्षं मार्सेलिसला होती, त्या निमित्ताने माझ्या तिकडे तीन खेपा झाल्या. एकदा एकटी गेले, एकदा नवऱ्याबरोबर आणि एकदा चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाईंना घेऊन. तेव्हापासून ओळखीतलं, ओळखीच्या ओळखीतलं कुणीही फ्रान्सला निघालं की मला फोन येतो. प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मार्सेलिस की मार्से? म्हणायचं तरी काय?

आपल्या पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत शंभराहून जास्त वर्षं ‘मार्सेलिस’ छापून येतंय. तिथे मात्र ‘मार्सेय’ म्हणतात, शेवटचा य जेमतेम ऐकू येईल इतका हलका. मी इथे मार्सेलिसच लिहिणार आहे. रेल्वेच्या खिडकीवर तिकीट मागताना तेवढं मार्सेय म्हणा.

पॅरिसहून खास वाकडी वाट करून जाण्यासारखं तिथे आहे काय?

खरं सांगू? ‘बघायची ठिकाणं’ अशी यादी करून एकेकावर खूण करत फिरणाऱ्यांची निराशा होते. इथे आयफेल टॉवर नाही. भिंती रंगवलेल्या, रस्ते थोडे कळकट, हॉर्नचा आवाज पॅरिसपेक्षा जास्त. माझी एक मैत्रीण एका दिवसात परत आली आणि म्हणाली, “दादरच बघायचं होतं तर इतक्या लांब कशाला गेले?” मला नेमकं तेच आवडलं. हे बंदराचं गाव आहे. सव्वीसशे वर्षं इथे माणसं बोटीतून उतरतायत आणि त्यातली बरीच इथेच राहिली आहेत.

पहिले उतरले ते ग्रीक, इसवी सनपूर्व ६००च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या फोकाया गावातून. त्याची दंतकथा आपल्याला लगेच पटते, कारण ती सरळसरळ स्वयंवराची आहे. इथल्या लिग्युरियन राजाने मुलीच्या लग्नासाठी मेजवानी ठेवली होती. जमलेल्यांपैकी ज्याच्या हाती ती पेला देईल तो नवरा. त्याच दिवशी किनाऱ्याला लागलेला प्रोतिस नावाचा परदेशी खलाशी पाहुणा म्हणून बसला होता, आणि राजकन्या जिप्तिसने पेला त्यालाच दिला. सासऱ्याने जमीन दिली, तिथे ‘मासालिया’ वसलं.

त्या जुन्या गावाचा धक्का आजही बघता येतो. १९६७ साली शहराच्या मध्यावर मॉल बांधायला खणायला सुरुवात केली आणि खाली ग्रीक-रोमन बंदराच्या भिंती निघाल्या. मॉल झालाच, पण भिंतीही राहिल्या. मॉलच्या मागच्या दारातून बाहेर आलं की जिथे गलबतं लागायची तिथे आता हिरवळ दिसते, आणि समुद्र तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. शेजारीच शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. नगरपालिकेच्या संग्रहालयांतली कायमची दालनं फुकट आहेत. सोमवारी मात्र ती बंद असतात.

सावरकरांनी उडी मारली ती जागा बघता येते का?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. मराठी माणसाला हे गाव त्या एका उडीने माहीत आहे, तेव्हा नीट सांगते.

आधी एक गैरसमज. लोक जुन्या बंदरावर, म्हणजे पर्यटकांच्या फोटोंत दिसतं त्या शिडाच्या होड्यांनी भरलेल्या चौकोनी पाण्याशी उभे राहून हात जोडतात. भाव खरा असला तरी जागा चुकते. मोठ्या आगबोटी तेव्हा या बंदरात येत नव्हत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उत्तरेकडे जोलिएतला नवे धक्के बांधले गेले आणि सुवेझचा कालवा १८६९ला उघडल्यावर पूर्वेकडची सगळी मोठी वाहतूक त्या बाजूला होऊ लागली. ते नवं बंदर तुम्हाला दिसेल ‘ला माजोर’ या पट्ट्यापट्ट्यांच्या दगडी कॅथेड्रलसमोरच्या मोकळ्या जागेतून. आज तिथून कॉर्सिका आणि अल्जिरियाकडे जाणाऱ्या प्रचंड फेरीबोटी सुटतात. माझा सल्ला असा की संध्याकाळी तिथे उभं राहा आणि उत्तरेकडे बघा.

घटना थोडक्यात अशी. मार्च १९१०मध्ये लंडनला अटक झालेल्या सावरकरांना खटल्यासाठी ‘मोरिया’ बोटीने हिंदुस्थानात नेत होते. बोट मार्सेलिसला थांबली असताना ८ जुलैच्या सकाळी ते शौचालयात गेले, दार आतून लावलं आणि गोल खिडकीतून अंग आकसून बाहेर पडले. पोहत धक्क्याला लागले, वर चढले, धावले. थोड्याच अंतरावर एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरलं, मागून बोटीवरचे पोलीस पोचले आणि त्यांना परत बोटीवर नेलं. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला असं परत नेता येतं का, यावर फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ला निकाल आला. सोपवण्यात चूक झाली हे लवादाने मान्य केलं, तरी त्यांना फ्रान्सला परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही असं ठरवलं.

‘जागा’ म्हणून बाणाची पाटी शोधत फिरू नका. धक्क्याचा बराच भाग चालू बंदर असल्याने कुंपणाच्या आत आहे. पण गोल खिडकी किती लहान असते याचा अंदाज हवा असेल तर कुठल्याही जुन्या बोटीकडे एकदा नीट बघा. मी बघितलं आणि माझ्या खांद्यांचा विचार केला.

आणखी काही आपल्या खुणा?

आहेत. सप्टेंबर १९१४मध्ये पहिल्या महायुद्धासाठी आलेलं हिंदी सैन्य याच बंदरात उतरलं आणि इथून उत्तरेच्या आघाडीवर गेलं. शहराच्या दक्षिणेला माझार्ग इथे युद्धस्मशान आहे, तिथे हिंदी सैनिकांची नावं आहेत. गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले ते ११ सप्टेंबर १९३१ला इथेच उतरले. त्या काळी विलायतेला जाणारे बरेच जण मार्सेलिसला उतरून पुढे रेल्वेने जात, बोटीचे काही दिवस वाचायचे. फेब्रुवारी २०२५पासून इथे भारताचा वाणिज्य दूतावासही आहे. पासपोर्ट हरवला तर पॅरिस गाठायला नको.

किती दिवस ठेवायचे?

शहराला दोन, समुद्राला एक, म्हणजे तीन. वारा सुटला तर चौथा कामी येतो.

कधी जावं? आणि हा मिस्त्राल म्हणजे काय प्रकार?

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं, सगळं फ्रान्स किनाऱ्यावर लोटतं आणि वणव्याच्या भीतीने डोंगरवाटा बंद होतात.

मिस्त्राल हा रोन नदीच्या खोऱ्यातून खाली येणारा कोरडा, गार वारा. जोरात असला तर ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. ढग असा एक ठेवत नाही, त्यामुळे खिडकीतून बघाल तर लख्ख ऊन आणि निळंशार आकाश. तुम्ही सुती कुडता घालून बाहेर पडता आणि कोपऱ्यावर थोबाडीत बसते. जानेवारीत मी स्वेटरवर भागेल म्हणून गेले आणि दुसऱ्याच दिवशी वारा अडवणारं जाकीट विकत घ्यावं लागलं. छत्रीचा इथे उपयोग नाही, कानटोपी न्या.

व्हिसा, विमान, रेल्वे?

नेहमीचा शेंगेन व्हिसा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा. पॅरिसहून वेगवान रेल्वे तीन-सव्वातीन तासांत आणते, तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. विमानाने आलात तर विमानतळावरून सँ शार्ल स्टेशनला थेट बस आहे, साधारण अर्धा तास.

शक्यतो रेल्वेनेच या, कारण सँ शार्ल स्टेशनच्या दारात उभं राहिलं की सगळं शहर पायाशी पसरलेलं दिसतं आणि समोरच्या टेकडीवर सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती चमकत असते. खाली उतरायला १०४ पायऱ्यांचा जिना आहे. त्याच्या खालच्या बाजूला दोन पहुडलेल्या दगडी बायका दिसतील, एक ‘आशियातल्या वसाहती’ आणि दुसरी ‘आफ्रिकेतल्या वसाहती’. १९२०च्या दशकातली ही सजावट. कुठल्या पैशावर शहर मोठं झालं ते दारातच लिहून ठेवलंय म्हणायचं. चाकांची बॅग असेल तर जिना सोडा आणि स्टेशनातूनच मेट्रो धरा.

शहरात फिरायला गाडी घ्यावी का?

अजिबात नको. दोन मेट्रो, तीन ट्राम आणि बस यांत सगळं होतं. एका दिवसाचा किंवा तीन दिवसांचा पास घ्या. ६० नंबर टेकडीवर जाते, ८३ नंबर समुद्राच्या कडेने कॉर्निश नावाच्या रस्त्यावरून जाते. ८३मध्ये जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा.

सुरक्षित आहे का? खूप ऐकलंय.

ऐकलंय त्यातलं बरंचसं खरं आहे, पण ते उत्तरेकडच्या वस्त्यांतल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांबद्दल. प्रवासी म्हणून तुमचं तिकडे काही काम नसतं. तुमच्या वाट्याला येऊ शकतो तो खिसेकापू. सँ शार्लचा जिना, मेट्रोचं दार बंद होण्याचा क्षण आणि जुन्या बंदरावरची गर्दी या त्याच्या जागा. मोबाइल टेबलाच्या कडेला ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. रात्री उशिरा स्टेशनच्या आसपास रेंगाळायचं नाही.

आणि गाडीत काहीही ठेवायचं नाही. गाडी नको म्हणते ते अनुभवाने. दुसऱ्या खेपेला नवऱ्याच्या हट्टापायी भाड्याने घेतली, समुद्रावरच्या एका वाहनतळावर लावली आणि दोन तासांनी आलो तर मागची काच चुरा. चोराने चार्जर नेला, गॉगल नेला, नवऱ्याचं जाकीट नेलं. भाकरवडीचा पुडा मात्र उघडून, एक खाऊन, नीट परत ठेवला होता. पोलीस चौकीत ‘अन्न अर्धवट खाल्लेलं’ हे कसं सांगायचं यावर आम्ही लेकीबरोबर फोनवर दहा मिनिटं घालवली.

आई-बाबांना घेऊन जायचंय, गुडघे दुखतात. जमेल?

जमेल, पण शहर चढउताराचं आहे हे आधी मान्य करा. सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा आम्ही दिवसाला एकच चढ ठेवला होता.

टेकडीवरचं ‘नोत्र दाम द ला गार्द’ चर्च मात्र चुकवू नका. ६० नंबरची बस जवळजवळ पायथ्यापर्यंत नेते, जुन्या बंदरावरून छोटी पर्यटक-आगगाडीही जाते. बसनंतरही थोड्या पायऱ्या आहेतच. माथ्यावरची मेरीची मूर्ती अकरा मीटरच्या वर उंच, कडेवर मूल घेतलेली. गावातले लोक तिला ‘ला बोन मेर’, म्हणजे चांगली आई म्हणतात. देवावर विश्वास नसलेलेही ठेच लागली की ‘बोन मेर!’ म्हणूनच ओरडतात.

आत गेल्यावर मान वर करा. छतापासून लहान लहान जहाजं टांगलेली आहेत, दोरीला लटकून हलतात. भिंती संगमरवरी पाट्यांनी आणि चित्रांनी भरलेल्या: वादळात सापडलेली गलबतं, पलंगावरचे आजारी, उलटलेल्या गाड्या, आणि खाली तारीख आणि ‘मेर्सी’, म्हणजे आभार. मला पाट्या वाचता येईनात. सासूबाईंना एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी दोन मिनिटांत म्हणाल्या, “नवस फेडलेत गं लोकांनी.” बाहेर येऊन भिंतीवर हात फिरवलात तर गोळ्यांचे खड्डे लागतील. ऑगस्ट १९४४मध्ये शहर जर्मनांच्या हातून सोडवताना इथे लढाई झाली, आणि टेकडी चढणाऱ्यांत अल्जिरियाचे सैनिक होते.

जुनं गाव म्हणतात ते कुठे?

बंदराच्या उत्तरेला ‘ल पानिये’. अरुंद बोळ, दोरीवर वाळणारे कपडे, आता बरीच दुकानं पर्यटकांची. वर ‘व्हिएय शारिते’ आहे, सतराव्या शतकात भिकाऱ्यांना आणि निराधारांना कोंडून ठेवायला बांधलेली इमारत. तीन मजली कमानी चारी बाजूंनी आणि मधे लंबगोल घुमटाचं देऊळवजा चॅपल. पिएर प्युजे हा तिचा वास्तुकार याच वस्तीत जन्मलेला. इतकी सुंदर वास्तू माणसं डांबायला बांधली हे मनातून जात नाही.

पानियेतून खाली बंदराकडे उतरताना एका ठिकाणी बोळ अचानक संपतात आणि सरळ रेषेतल्या, एकसारख्या दगडी इमारती सुरू होतात. थांबा तिथे. १९४३च्या जानेवारीत जर्मनांनी आणि त्यांच्याबरोबरच्या फ्रेंच पोलिसांनी हा उतार रिकामा केला. वीस हजारांच्या आसपास माणसं घराबाहेर काढली, शेकडो ज्यूंना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवलं आणि फेब्रुवारीत सुमारे दीड हजार इमारती सुरुंगाने उडवल्या. नगरपालिकेची इमारत वाचली. ती धक्क्यावर एकटीच जुनी का दिसते, त्याचं कारण हे.

खाली ‘म्युसेम’ आहे, २०१३ला उघडलेलं, काळ्या काँक्रीटची जाळी पांघरलेलं संग्रहालय. मंगळवारी बंद. तिकीट नसलं तरी गच्ची आणि तिथून जुन्या किल्ल्यावर जाणारा ११५ मीटरांचा अधांतरी पूल फुकट. जाळीतून ऊन अंगावर पडतं तेव्हा कोळ्याच्या जाळ्यात बसल्यासारखं वाटतं, असं लेक म्हणते.

शाकाहारी माणसाने काय खायचं?

उपाशी राहणार नाही, पण डोळे उघडे ठेवा. भाज्यांचा कुसकुस (रव्याच्या दाण्यांचा उत्तर आफ्रिकी पदार्थ) मागितला तरी वरचा रस्सा बहुतेक वेळा मटणाच्याच पातेल्यातला असतो. तुळशीच्या जातीच्या पानांचं ‘पिस्तू’ सूप चांगलं, पण त्यात कधीकधी डुकराच्या मांसाचे तुकडे पडतात. इथे पिझ्झाच्या गाड्या १९६०च्या दशकापासून कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. तिथला ‘मोआतिये-मोआतिये’ म्हणजे अर्धा चीज, अर्धा अँचोव्ही मासा, तो निम्मा शाकाहारी समजून घेऊ नका. ‘सां व्हियांद, सां प्वासों’, म्हणजे मांस नको, मासा नको, हे पाठच करून जा.

पण तुमच्यासाठी इथे एक पदार्थ आहेच, त्याचं नाव पानिस. जोलिएतहून ३५ नंबरच्या बसने लेस्ताकला जा. चित्रकार सेझानने रंगवलेलं हे मासेमारीचं गाव आता शहराच्याच पोटात आहे. पाण्याच्या कडेला टपऱ्या आहेत. तिथे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात घोटून शिजवतात, गोल नळकांड्यात थापून गार करतात, मग सुरीने चकत्या कापून तेलात सोडतात. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखं. कागदाच्या पुडीत मीठ-मिरपूड भुरभुरवून देतात. सासूबाईंनी पहिली चकती खाल्ली, थांबल्या आणि म्हणाल्या, “ही तर पाटवडी. फोडणी विसरलेत.” मग पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची डबी निघाली. टपरीवरची बाई बघत होती, तिने बोट लावून चटणी चाखली आणि डोळे मोठे केले. मला वाटलं तिखट लागली. तिने दुसऱ्यांदा बोट लावलं.

गोड हवं असेल तर ‘नाव्हेत’ घ्या, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास असलेली होडीच्या आकाराची बिस्किटं. सँ व्हिक्तॉरच्या मठाजवळची भट्टी १७८१पासून चालू आहे. दगडासारखी कडक असतात, म्हणजे चहात बुडवायला आपल्या हक्काची.

मासे खाणाऱ्यांनी बुयाबेस खायचंच का? फार महाग आहे म्हणे.

महाग आहे. चांगल्या ठिकाणी माणशी साठ-सत्तर युरोंच्या पुढेच, आणि बऱ्याचदा आदल्या दिवशी सांगावं लागतं. पंधरा-वीस युरोंत देतो म्हणणाऱ्याकडे मिळेल ते सूप, बुयाबेस नव्हे.

मुळात हे कोळ्यांचं जेवण. खडकातले काटेरी, बाजारात न खपणारे मासे समुद्राच्याच काठावर उकळायचे. आता त्याच काटेरी ‘रास्कास’ माशाला भाव आला आहे. १९८०मध्ये इथल्या काही खानावळवाल्यांनी मिळून नियमच लिहून काढले, कुठले मासे हवेत आणि वाढायचं कसं. आधी केशराचा रस्सा येतो. त्याबरोबर पावाचे भाजलेले तुकडे, लसूण आणि लाल मिरचीचं ‘रुय’. मग मासे अख्खे ताटात आणून दाखवतात आणि समोर काटे काढून देतात. मालवणी जिभेला पहिला घोट फिका लागतो, तिसऱ्यापासून केशर आणि बडीशेप कळायला लागते. आयुष्यात एकदा खायला हरकत नाही. दुसऱ्यांदा मी तरी पैसे मोजणार नाही.

त्यापेक्षा सकाळी आठ-नऊला जुन्या बंदराच्या टोकाशी जा. होडीतूनच आणलेले मासे निळ्या ट्रेमध्ये मांडून विकतात. काही अजून शेपट्या आपटत असतात. बायका जोरात ओरडून भाव सांगतात, गिऱ्हाईक नाक मुरडतं. भाषा कळत नसूनही सगळं कळतं.

शातो दीफच्या किल्ल्यावर जावं का?

जुन्या बंदरावरून बोटीने वीस मिनिटं. १५२४ ते १५३१मध्ये बांधलेला किल्ला, नंतर तुरुंग झाला. त्याचा सगळ्यात प्रसिद्ध कैदी, मॉन्ते क्रिस्तोचा काउंट, कादंबरीतला आहे, प्रत्यक्षात कधी नव्हताच. तरीही त्याची कोठडी दाखवतात आणि लोक गंभीर चेहऱ्याने बघतात. वारा असला की बोटी लागत नाहीत, म्हणून हा बेत पहिल्या दिवशी ठेवा, पुढे ढकलायला वाव राहतो.

त्याच बोटीने पुढे फ्रिउल बेटांवर जाता येतं. किल्ल्यापेक्षा मला ती आवडली. बंदरात येणाऱ्या बोटींना रोगराईच्या भीतीने शहराबाहेर अडकवून ठेवायची पद्धत इथे पिढ्यान्पिढ्या होती. ती एकदा सैल सोडली. मे १७२०मध्ये पूर्वेकडून कापड घेऊन ‘ग्राँ सँ अँत्वान’ जहाज आलं, वाटेत त्यावरची माणसं मेली होती. पण माल जत्रेला पोचवायचा होता आणि त्यात शहरातल्या बड्या मंडळींचा पैसा होता. गाठोडी बाहेर पडली, त्याबरोबर प्लेग. सुमारे नव्वद हजारांच्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं गेली.

कालांक म्हणजे काय, आणि तिथे सगळेच का अडकतात?

शहराच्या दक्षिणेला पांढऱ्या चुनखडीच्या कड्यांमध्ये समुद्र आत घुसला आहे, त्या चिंचोळ्या खाड्या म्हणजे कालांक. २०१२पासून राष्ट्रीय उद्यान. पाणी इतकं स्वच्छ की होडी हवेत तरंगल्यासारखी दिसते.

अडकतात ते तीन कारणांनी. एक, जून ते सप्टेंबर वणव्याचा धोका बघून वाटा रोजच्या रोज उघड्या किंवा बंद ठरतात. आदल्या संध्याकाळी उद्यानाच्या अॅपवर बघायचं. दोन, स्युजितोंच्या खाडीला उन्हाळ्यात दिवसाला ४०० माणसांचीच परवानगी. नोंदणी फुकट, पण आधी करावी लागते. तीन, पाणी. वाटेत नळ नाही, सावली नाही, टपरी नाही. माणशी दोन लिटर न्या आणि चप्पल घालून जाऊ नका, दगड पायाखाली घसरतो. सह्याद्रीत फिरलेल्यांना चढ काहीच वाटणार नाही, ऊन मात्र परतून मारतं. खाली जाणं सोपं, परत येताना कळतं.

चालायचं नसेल तर शेजारच्या गावातून बोटी निघतात. गावाचं नाव कागदावर वेगळं, पण स्थानिक लोक उच्चारतात ‘कासी’. मार्सेलिसहून रेल्वेने पंचवीस मिनिटं, स्टेशन बंदरापासून तीनेक किलोमीटर. ‘काशीस जावे नित्य वदावे’ असं आयुष्यभर म्हणणाऱ्या सासूबाई शेवटी या कासीला जाऊन आल्या आणि पुण्यात सगळ्यांना तेवढंच सांगतात.

चंडीगढवाल्या कॉर्बुझिएचं काही इथे आहे म्हणे?

आहे. चंडीगढ आखणाऱ्या या वास्तुकाराची, १९५२ला पूर्ण झालेली ‘सिते राद्यूझ’, एकाच इमारतीत ३३७ घरं, मधल्या मजल्यावर दुकानं, गच्चीवर मुलांची शाळा. गावकऱ्यांनी तिला ‘वेड्याचं घर’ म्हटलं होतं. २०१६मध्ये ती आणि चंडीगढचा कॅपिटॉल परिसर युनेस्कोच्या यादीत एकाच नोंदीत आले. गच्चीसाठी जा.

घरी आणायला काय घ्यावं?

साबण, पण बघून. ‘मार्सेलिसचा साबण’ हे नाव कुणीही वापरू शकतं, त्यामुळे बंदरावर गुलाबी, जांभळे, लव्हेंडरच्या वासाचे ठोकळे ढिगाने मिळतात. खरा तो हिरवा किंवा फिकट पांढरा, वास न घातलेला, चौकोनी, आणि अंगावर ‘७२%’ असा ठसा, म्हणजे तेलाचं प्रमाण. १६८८मध्ये राजाने साबण कसा करावा याचे नियम घालून दिले होते. कपड्यांवरचा हळदीचा डाग जातो का? मी करून बघितलं. जात नाही.

फ्रेंच येत नाही. चालेल?

चालेल, पण दुकानात, बसमध्ये, कुठेही शिरताना आधी ‘बोंझूर’. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला की समोरचा माणूस दगड होतो. म्हटलंत की तोच माणूस तुम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला येतो. आणि पॅरिसच्या फुटबॉल क्लबचा शर्ट घालून फिरू नका. हे मी विनोदाने म्हणत नाही.

चहा मिळेल का?

आपला नाही. पण संध्याकाळी नोआयच्या बाजारात जा. मेट्रोचं स्टेशन त्याच नावाचं आहे. जिरं, हळद, सुकी मिरची पोत्यांत, कोथिंबिरीच्या जुड्या, खजूर. कोमोरोस, अल्जिरिया, ट्युनिशिया, सेनेगल असं सगळं एका गल्लीत. वर रस्त्याने चालत राहिलात तर ओबान्य रस्त्यावर घरांच्या रांगेत एक रिकामी जागा दिसेल. ५ नोव्हेंबर २०१८ला तिथे जुन्या इमारती कोसळून आठ माणसं गेली. लोक अजून फुलं ठेवतात.

तिथून खाली आलं की कुठल्याही ट्युनिशियन मिठाईवाल्याकडे पुदिन्याचा चहा मागा. लहान काचेच्या पेल्यात, वरून उंच धार धरून ओततात. साखर आधीच घातलेली, आपल्या लग्नघरातल्या चहाइतकी. वरती चिलगोज्याचे दाणे तरंगत असतात. दूध मागू नका. नवऱ्याने मागितलं होतं. त्या माणसाने आधी पेल्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, आणि पेला उचलून आत घेऊन गेला.